खिडक्यांमधलं दुकान

१० फेब्रुवारी

ही वही माझ्या बायकोने, बेल्माने दिली. ऑस्ट्रियातल्या लिंझच्या बसस्टँडवर नेयराला छातीशी धरून रडून झाल्यावर तिने ती माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "फोनवर तू 'सगळं ठीक आहे' एवढंच सांगणार. इथे लिही. मी जूनमध्ये आले की वाचेन." तिचं तिथल्या हॉस्पिटलातलं नर्सचं कंत्राट जूनअखेर संपतंय. तोवर इथे बोस्नियात, त्राव्निकमध्ये मी, आमची तीन वर्षांची नेयरा आणि हे घर.

घराबद्दल लिहायला बसलो तर वही पुरायची नाही. आठ वर्षं परदेशात दुसऱ्यांच्या खिडक्या दुरुस्त करून जे साठवलं ते सगळं यात घातलंय. ऑस्ट्रियाच्या राजवटीतलं दुमजली घर, किल्ल्याखालच्या उतारावर. उन्हाळ्यात पाहुण्यांना खोल्या भाड्याने द्यायच्या आणि पुन्हा कधी परमुलखात चाकरी करायची नाही, असा आमचा बेत. घराला चौदा खिडक्या. सगळ्या जुन्या पद्धतीच्या, दुहेरी. बाहेर झडपांची एक जोडी, आत एक जोडी, मध्ये वीतभर पोकळी. सगळं गाव असल्या खिडक्या उखडून प्लास्टिकच्या बसवतंय. समोर राहणाऱ्या झुम्रामावशीनेसुद्धा बसवल्या. मी तिला म्हटलं, "मावशी, घर आहे की फ्रीज?"

"फ्रीज तर फ्रीज," ती म्हणाली. "फ्रीजमधलं काही नासत नाही. तू बस तुझी लाकडं कुरवाळत."

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. लढाईच्या दुसऱ्या वर्षी आई गेली, तेव्हापासून मला हिनेच वाढवलं. आता नेयराला सकाळी तीच सांभाळते. दुपारी नेयरा माझ्याकडे.

१८ फेब्रुवारी

पहिली खिडकी सोलून झाली. रंगाचे किती थर निघाले देव जाणे. तपकिरी, हिरवा, मग पांढऱ्यावर पांढरा. गरम हवेचं पिस्तूल लावलं की रंगाला दुधावरच्या सायीसारखी सुरकुती पडते, मग पत्र्याने ओढायचा. सगळ्यात खालचा पांढरा थर मात्र चिवट आहे, तो मशीनला पॉलिश पेपर लावूनच घासावा लागतो. संध्याकाळी मी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो.

लिंझचा मालक आठवला. जुन्या रंगाला हात लावायचा म्हटलं की आम्हाला पांढरे झगे, तोंडावर डुकराच्या मुस्काटासारखा मुखवटा, आणि सह्या करायला कागदांचा गठ्ठा. माझं जर्मन तेव्हा कच्चं, म्हणून ते कागद घरी आणून बेल्माकडून वाचून घ्यायचो आणि अर्ध्यावर जांभया द्यायला लागायचो. दिवसाचा पहिला तास चंद्रावर जायच्या तयारीत जायचा. श्वाबो लोकांना, म्हणजे या जर्मन बोलणाऱ्यांना, श्वास घ्यायलासुद्धा परवानगी लागते. इथे मी स्वेटर चढवतो, सिगारेट पेटवतो आणि कामाला लागतो.

नेयराने खिडकीच्या पोकळीत दुकान मांडलंय. बाहेरची झडप बंद, आतली उघडी, मध्ये तिच्या बाटल्या, झाकणं आणि मावशीने दिलेले कॉफीचे दोन छोटे पेले. मी गिऱ्हाईक. "साखर किती?" तिने विचारलं. मी म्हटलं दोन. तिने रंगाचे दोन पांढरे कपचे पेल्यात टाकले, बोटाने ढवळले आणि बोट चाखून मान डोलावली, अगदी मावशी करते तशी. हसून हसून पुरेवाट झाली. बेल्मा, हे तुझ्यासाठी लिहून ठेवतोय.

३ मार्च

काल छपरावरचा सगळा बर्फ एकदम घसरून अंगणात पडला. तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. नेयरा खिडकीत होती, ती किंचाळली आणि नंतर कितीतरी वेळ थरथरत होती. रात्री झोपली नाही. पोट दुखतं म्हणते. तसं ते आधीही दुखायचं, पण मी म्हटलं मावशीचा कायमाक, ती घट्ट साय, जास्त खाते म्हणून. आज दिवसभर किरकिर. खिम्याच्या बुरेकला हात लावला नाही. बाहुली भिंतीवर फेकली.

बेल्माला सांगितलं, सगळं ठीक आहे.

७ मार्च

पोरीचा रंग उडालाय. नीट शिकलेले शब्द चुकवते, मग चिडते आणि गप्प बसते. मावशी आज दारातच म्हणाली, "सानेल, हिला धास्ती बसलीय. मी उतरवते."

झुम्रामावशी शिसं ओतून धास्ती उतरवते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. लढाई संपल्यावर तर तिच्या दारात रांग लागायची. मोठमोठे बाप्ये डोक्यावर चादर घेऊन बसायचे. माझीही तिने उतरवली होती, आई गेली तेव्हा. पण मी आता काय तो काळ धरून बसू? म्हटलं, "मावशी, मुलाला डॉक्टरकडे नेतात."

"मग ने की. मी अडवलंय? डॉक्टर पोट बघेल. धास्ती कोण बघणार?"

"बेल्मा मला उभा चिरेल."

"बेल्माला सांगायला मी तारेच्या ऑफिसात बसलेय का?"

८ मार्च

हे पान बेल्मासाठी नाही.

नेलं मी नेयराला. पहाटे तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मला ओळखतच नाही. त्यानंतर माझी सगळी हुशारी गळून पडली. मी स्वतःच्या पायांनी रस्ता ओलांडला, कुणी ढकललं नाही.

मावशीने तिच्यावर लाल चादर धरली. चुलीवर लोखंडी पळीत शिशाचे तुकडे वितळले, ती पुटपुटत होती, बिस्मिल्ला आणि पुढचं मला कधीच ऐकू येत नाही. मग तिच्या डोक्यावर मी धरलेल्या पाण्याच्या वाडग्यात मावशीने ते ओतलं. फस्सकन आवाज झाला आणि नेयरा चादरीखाली खुदकन हसली. शिसं पाण्यात फुटून काटेरी गोळा झाला. मावशीने तो उजेडात धरून पाहिला, म्हणाली, "बघ, मोठी होती." त्या पाण्याने तोंड धुवायला लावलं, तीन घोट पाजायला सांगितले. गोळा कापडात बांधून उशीखाली ठेवायला दिला.

आणि पोर झोपली. दुपारी जेवायला उठवावी लागली. मला हसू यावं की शरम वाटावी कळेना. दोन्ही झालं.

२२ मार्च

चार दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच, उलट जास्त. शौचाला होत नाही. चालताना अडखळते. मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त काढताना ती रडली नाही, नुसती बघत राहिली, याचंच मला जास्त वाईट वाटलं. बाई म्हणाल्या, रक्त कमी आहे, आणखी एका तपासणीसाठी राजधानीत, सारायेवोला पाठवते. "घरात काही गावठी औषध वगैरे दिलंत?" मी म्हटलं नाही. मावशी बाहेर बाकावर बसून नेयराची टोपी विणत होती.

सहा खिडक्या झाल्या.

२९ मार्च

शिसं.

डॉक्टरीणबाई आणखी बरंच बोलल्या. आकडा सांगितला, लहान मुलात तो किती असायला नको ते सांगितलं, मेंदू म्हणाल्या, वाढ म्हणाल्या. घरात जुनं काय काय आहे विचारलं, भांडी, नळ, रंग, खेळणी, यादी करून आणा म्हणाल्या. मला काही ऐकू येत नव्हतं. माझ्यासमोर ती पळी होती आणि फस्स असा आवाज. यादी कशाला करू? मला माहीत होतं. मी माझ्या हाताने वाडगा तिच्या ओठांना लावला होता. मावशीने पळी धरली होती, वाडगा मी धरला होता.

बेल्माला फोन केला. ती नर्स आहे, तिला 'शिसं' म्हटल्यावर समजावून सांगावं लागलं नाही. मग म्हणाली, "कुठून?"

मी म्हटलं, "मावशीने धास्ती उतरवली. माझ्या नकळत."

माझ्या नकळत. हे दोन शब्द मी बोललो. बोलताना जीभ अडखळली नाही.

"ती बाई माझ्या मुलीच्या जवळ पुन्हा येता कामा नये," बेल्मा म्हणाली. मी हो म्हटलं.

३० मार्च

मावशीच्या दारात उभं राहून ओरडलो. गल्लीतल्या बायका खिडक्यांतून बघत होत्या, त्यांना ऐकू जावं म्हणूनच बहुतेक जास्त ओरडलो. "शिसं पाजलंस तू तिला. विष पाजलंस." मी तिथे होतो हे ती बोलेल म्हणून वाट पाहत होतो. बोलली असती तर कदाचित मी तिथेच खाली बसलो असतो. ती बोलली नाही. हात एप्रनला पुसत राहिली, कोरडेच हात. शेवटी म्हणाली, "पोरीला दूध आणि अंडी दे. मी काढून ठेवलीत. तू नेशील की मी दारात ठेवू?"

मी नेली नाहीत.

९ एप्रिल

आता नेयराला सांभाळायला कुणी नाही, म्हणून ती दिवसभर माझ्याबरोबरच असते. मी एका खिडकीवर, ती दुसऱ्या खिडकीत दुकान मांडून. थंडी आहे म्हणून दारं लावून घेतो. माझ्या पापाचं मी करू तरी काय? हात चालतात तेवढा वेळ डोकं गप्प असतं, म्हणून सकाळपासून अंधार पडेपर्यंत घासतो. एवढं तरी करीन, बेल्मा येईपर्यंत पोरीला एक स्वच्छ घर देईन. मावशीने दिलेली सगळी भांडी गोणीत भरून बाहेर ठेवली. कॉफीचे पेले मात्र नेयरा सोडत नाही.

गल्लीत कळलंय. मावशीकडे आता कुणी येत नाही. खालचा बेकरीवाला म्हणाला, "बरं केलंस, म्हातारीला कुणीतरी सांगायलाच हवं होतं." मी पाव घेतला आणि मान हलवली.

१९ एप्रिल

दुसरी तपासणी आली. आकडा उतरायला हवा होता, तो चढलाय. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "सानेल, हे एकदाच पोटात गेलेलं नाही. हे रोज जातंय. अजून थोडं चढलं तर सारायेवोला दाखल करून रक्तातून उतरवायची औषधं द्यावी लागतील. घर तपासायला माणूस पाठवते."

मावशीची आणि नेयराची तीन आठवड्यांत गाठ नाही. पण माझ्या डोक्यात काय आलं तर तिने नेयराला चोरून बोलावलं असेल. इतका मी खाली गेलोय. मग वाटलं, तो उशीखालचा गोळा. तो तर मी शिसं कळलं त्याच दिवशी काढला होता. मग वाटलं गोणीतली भांडी, पाणी, भिंत, माझे हात. रात्रभर घराकडे शत्रूसारखं बघत होतो.

२४ एप्रिल

सारायेवोच्या आरोग्य संस्थेतून मारिना नावाची बाई आली. माझ्याहून लहान असेल. हातात केस वाळवायच्या यंत्राएवढं एक पिस्तूल, ते वस्तूला टेकवायचं, घोडा दाबायचा, मागे आकडा उमटतो. नेयराला फार आवडलं. मी तिच्यापुढे आधी शिशाचा गोळा ठेवला आणि सगळं सांगितलं. सगळं म्हणजे खरं सगळं, वाडगा कुणी धरला तेसुद्धा. परक्या माणसाला सांगणं सोपं असतं.

तिने गोळा उचलून पाहिला आणि परत ठेवला. "हे शिसंच आहे, त्याला यंत्र कशाला? पुन्हा करू नका, कोणाच्याच मुलाला. पण तीन घोटांनी हा आकडा होत नाही. आणि झाला असता तर आत्तापर्यंत उतरायला लागला असता."

मग ती स्वयंपाकघरातून फिरली. गोणीतली भांडी एकेक तपासली. मावशीचं कॉफीचं भांडं, स्वच्छ. मावशीचे पेले, स्वच्छ. समुद्रावरून आणलेल्या आमच्या पिवळ्या मगाला ती थोडं थबकली, "हा वापरू नका." नळाचं पाणी बाटलीत भरून घेतलं. मी तिच्या मागे मागे, आता सापडेल, आता सापडेल. शेवटी ती अर्धवट सोललेल्या खिडकीजवळ गेली आणि यंत्र चौकटीला टेकवलं.

आकडा मी वाचला नाही. तिचा चेहरा वाचला.

तिने पुन्हा टेकवलं, खाली, बाजूला, पुढच्या खिडकीला. मग ओल्या कापडाने खिडकीची फळी पुसली, कापड पांढरं झालं, ते डबीत बंद केलं. पोकळीत बाटल्या, झाकणं आणि ते दोन पेले रांगेत मांडलेले होते.

"हे दुकान कोणाचं?" तिने विचारलं.

"माझं," नेयरा म्हणाली. "कॉफी घेणार? साखर किती?"

मारिना खाली बसली. नेयराने पेल्यात दोन कपचे टाकले, बोटाने ढवळले आणि बोट तोंडात घातलं. मारिनाने तिचा हात हळूच धरला आणि तोंडातून बोट बाहेर काढलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या काळात पांढऱ्या रंगात शिसंच असायचं. चवीला गोड लागतं. घासलं की हवेत, शेकलं की वाफेत. तुम्ही हे काम कुठे शिकलात?"

"लिंझमध्ये. आठ वर्षं."

"मग तिथे तर..." ती म्हणाली आणि थांबली. तिचे संस्कार चांगले होते.

२५ एप्रिल

पांढरा झगा. डुकराचं मुस्काट. सह्या.

मला कुणी अंधारात ठेवलं नव्हतं. श्वाबोने स्वतःच्या खर्चाने मला कपडे दिले, कागद दिला, आणि बायकोने तो माझ्या भाषेत वाचून दाखवला. मी जांभई दिली. अडाणी असतो तर बरं झालं असतं, अडाण्याला माफी असते. मावशीने शिसं ओतलं तेव्हा तिला वाटत होतं ती पोरीला बरं करतेय. मी खिडक्या घासत होतो तेव्हा मला काय वाटत होतं? की मी हुशार आहे.

आणि मावशीला हाकलून मी पोरीला कुठे बसवलं तर त्या पांढऱ्या पिठात, दारं लावून.

मारिनाने काल जातानाच सांगितलं, मुलीला आजच या घरातून हलवा. काल रात्री आम्ही बेकरीवाल्याकडे झोपलो. त्याने विचारलं काय झालं. म्हटलं, नळ फुटला.

२६ एप्रिल

मावशीकडे गेलो. नेयराला कडेवर घेऊन, म्हणजे तिला माझ्या तोंडावर दार लावता येणार नाही, असा हिशेब. एवढं झाल्यावरही माणूस हिशेब करतोच.

ती वाळली होती. चुलीशेजारच्या खिळ्यावरची लोखंडी पळी नव्हती. विचारलं, तर म्हणाली, "बागेत पुरली. शिशासकट." मग मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खिडक्या, रंग, लिंझचे कागद. म्हटलं, तू नव्हतीस मावशी, मी होतो, हलाल कर. आमच्यात माफीचा हा शब्द मरणाच्या दारात नाहीतर मोठ्या गुन्ह्यानंतर मागायचा असतो. मी आयुष्यात पहिल्यांदा मागितला.

मला वाटलं तिला हायसं वाटेल. ती खाली बसली आणि रडायला लागली. "मी महिनाभर रोज मोजतेय," ती म्हणाली. "किती पोरांना पाजलं मी आजवर. तुलासुद्धा पाजलं. कोणाकोणाचं काय झालं असेल? ते तुझ्या खिडक्यांनी पुसलं जात नाही, लेका."

नेयरा तिच्या मांडीवर जाऊन बसली आणि तिच्या डोळ्यांचं पाणी तळहाताने गालावर पसरवायला लागली.

थोड्या वेळाने मावशीने डोळे पुसले. तिचा आवाज एकदम कामाचा झाला. "बेल्माला कळवलंस?"

"नाही."

"मग कळवू नकोस. तिला ठाऊक आहे ना, म्हातारीने केलं म्हणून? राहू दे तसंच. मी किती दिवसांची? बाईला सासरची एक वाईट म्हातारी चालते. नवऱ्याने पोरीला असं केलं हे नाही चालत, सानेल. संसार मोडतो."

हे लिहिताना लाज वाटते, पण मी लगेच 'नाही' म्हटलं नाही. मी तिच्या प्लास्टिकच्या खिडकीतून समोरच्या माझ्या घराकडे बघत होतो आणि माझ्या मनात आलं, जमेल की हे. दोघीही तयार आहेत. एकीला माहीत नाही आणि दुसरी स्वतःहून मान पुढे करतेय.

"हलाल केलंस का ते सांग," मी म्हटलं.

"आधी तू काय करतोस ते बघू दे," ती म्हणाली आणि नेयरासाठी अंडी उकडायला उठली.

२ मे

मारिना मावशीचं घरही तपासून गेली. चुन्याच्या भिंती, प्लास्टिकच्या खिडक्या, काही नाही. जाताना म्हणाली, "हिला इथेच ठेवा. फ्रीजसारखं घर आहे, छान." मावशीने माझ्याकडे पाहिलं. एरवी तिने हे वाक्य मला वर्षभर ऐकवलं असतं. आज तिने नेयराला हात धुवायला नेलं.

माझ्या घराला मी कुलूप लावलंय. चौकटी झाकायला आणि धूळ काढायला सारायेवोहून माणसं येतील. पांढरे झगे घालून. पाहुण्यांचा हा उन्हाळा गेला.

बेल्मा रजा घेऊन येतेय. फोनवर म्हणाली, "त्या बाईसमोर मला उभी करू नकोस, माझ्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही." मी म्हटलं, बस किती वाजता पोचते?

९ मे

बसस्टँडवरच सांगितलं. घरापर्यंत चालत गेलो असतो तर वाटेत मी नक्की फिरलो असतो, मला मी माहीत आहे. ती बॅग उचलायला वाकली होती. मी म्हटलं, "बेल्मा, मावशी नव्हे. खिडक्या. मी घासत होतो, ती तिथे खेळत होती. आणि धास्तीसाठी तिला मीच नेलं होतं, वाडगा मी धरला होता. नकळत काही नव्हतं."

तिने बॅग खाली ठेवली. माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती. ती ओरडेल, थोबाडीत मारेल, परतीच्या बसमध्ये चढेल, यातल्या प्रत्येकासाठी मी तयार होतो.

"तो कागद मी वाचून दाखवला होता," ती म्हणाली. "लिंझच्या स्वयंपाकघरात. दुसऱ्या पानावर मुलांबद्दल होतं. तू जांभया देत होतास. मी विचारलं, पुढे वाचू का? तू म्हणालास नको, सही कुठे करू ते सांग." मग तिने माझ्या बुटांकडे पाहिलं. "आणि मी दाखवलं, सही कुठे करायची ते."

ती मला दोष देत होती की स्वतःला, मला कळलं नाही. अजूनही कळत नाही. बॅग तिने मला उचलू दिली नाही.

मावशी दारातच होती. बेल्मा तिच्यासमोर उभी राहिली, तिचा हात हातात घेतला, ओठांना लावला आणि मग कपाळाला. आमच्याकडे हे ईदला करतात. मावशीने माझ्याकडे पाहिलं, बेल्माच्या खांद्यावरून. "हलाल केलं," ती म्हणाली. "आत या, चपला काढा."

११ मे

बेल्माने वही मागितली. मी दिली. एकही पान फाडलेलं नाही. तिने ती मावशीच्या अंगणात बसून वाचली, अठरा फेब्रुवारीच्या पानावर फार वेळ थांबली. मग परत दिली. ती आत नेयराच्या शेजारी झोपते. मी बाहेरच्या खोलीत.

१४ जून

तिसरी तपासणी. आकडा उतरतोय. औषधं लागली नाहीत. दूध, अंडी, लोहाचं औषध, सतत हात धुणं, आणि फ्रीजसारखं घर. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, म्हणजे आता ती पूर्वीसारखी होणार ना? त्या म्हणाल्या, "बरंचसं परत येईल. काय राहिलं ते शाळेत जायला लागल्यावर कळेल. कदाचित काहीच नसेल." म्हणजे आता तिने एखादा आकडा चुकवला, एखादं नाव विसरली की मी तिच्याकडे बघत बसणार. इतर मुलंही विसरतात. इतर बाप तसं बघत बसत नाहीत.

बेल्माने तिकडची नोकरी सोडली. ती अजून आतच झोपते, मी बाहेर. काल मात्र माझ्यासाठीही कॉफी ओतली.

आज नेयराने मावशीच्या फरशीवर दुकान मांडलं. तिच्या शब्दांची गाडी पुन्हा धावायला लागली आहे, मध्येच अडते, मग ती कपाळाला आठी घालून शब्द शोधते आणि सापडला की मोठ्याने म्हणते. मला बोलावलं. मी फरशीवर मांडी घालून बसलो, मागे दारात बेल्मा उभी होती. नेयराने रिकामा पेला माझ्यापुढे ठेवला.

"साखर किती?" मी सवयीने विचारून बसलो. खरं तर ते तिने विचारायचं असतं.

तिने आपले दोन्ही तळवे उघडून मला दाखवले. स्वच्छ धुतलेले, नखांपर्यंत.

"साखर नाही, बाबा," ती म्हणाली. "तसंच पी."